कुऱ्हाडीचा दांडा : शूटर गेममध्ये आपल्याच गड्याला मारलं, तर शिक्षा कुणी ठरवायची?

'फ्रॅग' हा शब्द तुमच्यापैकी जे गेम खेळतात त्यांना माहीत असेल. फ्रॅग म्हणजे एक शिकार, एक गुण. १९९३ साली आलेल्या 'डूम'पासून तो खेळाडूंच्या तोंडी रुळला. पण शब्द आला कुठून? व्हिएतनाम युद्धात काही अमेरिकन सैनिक नकोशा झालेल्या आपल्याच अधिकाऱ्याच्या राहुटीत फ्रॅगमेंटेशन ग्रेनेड टाकत. त्या प्रकाराला 'फ्रॅगिंग' म्हणत. म्हणजे ज्या शब्दाने आज शत्रूला मारल्याचे गुण मोजतात, त्याचा मूळ अर्थ आपल्याच माणसाचा जाणूनबुजून केलेला खून असा होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो ना, अगदी तेच.

या लेखाचा विषय असा : अनेक जण मिळून खेळतात त्या शूटर गेममध्ये टीममेटला मारणाऱ्याला शिक्षा व्हावी का? प्रश्न पोरकट वाटेल. गाइडकडे हा विषय घेऊन गेलात तर ते चष्म्यावरून बघतील. पण थोडं थांबा. गेल्या पंचवीस वर्षांत या एका प्रश्नाला गेम बनवणाऱ्यांनी निदान सहा वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, आणि ती ओळीने मांडली की नियम, गुन्हा, हेतू, पुरावा आणि शिक्षा या सगळ्याचा एक छोटा इतिहासच हाती लागतो. 'व्हावी की न व्हावी' या वादस्पर्धेच्या प्रश्नातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा, तेही त्यातून दिसतं.

आधी प्रश्नाचे तुकडे करू

'शिक्षा व्हावी का?' या एका वाक्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

पहिला : माझी गोळी टीममेटला लागावी का? म्हणजे 'फ्रेंडली फायर' चालू असावं की बंद? हा त्या खेळातल्या जगाच्या घडणीचा प्रश्न आहे. आपल्या जगात दगड वर फेकला की खाली पडतो, तसा तिथला निसर्गनियम काय असावा, एवढंच इथे ठरतं.

दुसरा : गोळी लागली आणि गडी मेला, तर तो गुन्हा की अपघात?

तिसरा : गुन्हा असेल तर तो ठरवणार कोण, आणि शिक्षा काय?

या विषयावरचे बहुतेक वाद हे तीन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतात. एक जण म्हणतो, "फ्रेंडली फायर नसेल तर खेळात मजा नाही." दुसरा म्हणतो, "पण मला मुद्दाम मारलं त्याचं काय?" दोघंही बरोबर आहेत, कारण पहिला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतोय आणि दुसरा तिसऱ्या. सिनॉप्सिस लिहायला बसलात की ही सवय लावून घ्या. प्रश्नात 'का' आणि 'कोण' एकत्र दिसले की ते आधी वेगळे करायचे.

गोळी लागावी का?

खऱ्या युद्धात गोळी आपला-परका बघत नाही. अमेरिकन यादवी युद्धात, २ मे १८६३ रोजी चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत, दक्षिणेचा गाजलेला सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याच्यावर अंधारात त्याच्याच सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि आठ दिवसांनी तो वारला. १९९१ च्या आखाती युद्धात लढताना मेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी ३५ जण आपल्याच बाजूच्या माऱ्यात गेले. हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश भरतं. त्यामुळे 'वास्तव' दाखवायचं म्हणणारा गेम फ्रेंडली फायर ठेवतो.

पण वास्तव हे खरं कारण नाही. खरं कारण खेळातल्या निर्णयांचं आहे. आपल्या ग्रेनेडने आपला माणूस मरत नसेल, तर ग्रेनेड कुठेही फेकता येतो. समोर टीममेट उभा असला तरी त्याच्या आरपार गोळ्या झाडता येतात. मग कोण कुठे उभा आहे, कुणाची वाट कुणी अडवली, दारातून आधी कोण जाणार, या सगळ्याला किंमत राहत नाही. फ्रेंडली फायर असलं की टीममेटच्या जागेचं भान ठेवावं लागतं. त्याच्याशी बोलावं लागतं.

आता उलट उदाहरण बघा. २००७ सालच्या 'टीम फोर्ट्रेस २' मध्ये फ्रेंडली फायर मुळातच बंद असतं. का? तिथे 'स्पाय' नावाचं एक पात्र आहे. ते शत्रूच्या खेळाडूचा वेश घेऊन त्यांच्यात मिसळतं. मग आपल्या शेजारी उभा आहे तो खरा की सोंगाड्या, हे कळायचं कसं? सोपं आहे, त्याच्यावर एक गोळी झाडायची. आपला असेल तर त्याला काही होत नाही, स्पाय असेल तर उघडा पडतो. त्या खेळात टीममेटवर गोळी झाडणं हे कर्तव्य ठरतं! तिथे फ्रेंडली फायर चालू केलं, तर खेळाचा तोलच बिघडेल.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या खेळांना मिळून देता येत नाही. ते खेळागणिक बदलतं. इथून पुढे आपण फक्त त्या खेळांबद्दल बोलू, जिथे गोळी लागते.

उत्तर १ : दंड

'काउंटर-स्ट्राइक'ची सुरुवात १९९९ साली झाली. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी 'हाफ-लाइफ' या गेमवर रचलेला तो एक मॉड होता. पुढे व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेतला आणि २००० साली बाजारात आणला. या खेळात प्रत्येक फेरीत पैसे मिळतात आणि त्यातून हत्यारं घ्यायची असतात. शत्रूला मारलं की ३०० डॉलर. टीममेटला मारलं की ३,३०० डॉलर वजा. एके-४७ तिथे २,५०० ला मिळायची, एम४ ३,१०० ला. म्हणजे एक गडी मारण्याचा दंड एका चांगल्या रायफलीपेक्षा जास्त. शिवाय सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात आणखी दोन खटके होते. एक चालू केला, की टीममेटला मारणारा पुढची फेरी सुरू होताच आपोआप मरायचा. दुसरा चालू केला, की वारंवार असं करणाऱ्याला सर्व्हर बाहेर काढायचा.

इथे हेतूचा विचार कुठेच नाही, हे लक्षात घ्या. हात चुकला की डोकं फिरलं, यंत्राला त्याच्याशी देणंघेणं नाही. गडी मेला, पैसे कापले. कायद्याच्या भाषेत याला निरपेक्ष दायित्व म्हणता येईल. आपल्या फौजदारी कायद्यात हेतूने मारणं, परिणामाची जाणीव असून मारणं आणि हयगयीने मृत्यू ओढवणं यांच्या शिक्षा वेगवेगळ्या आहेत. १८६० च्या दंडसंहितेत त्या होत्या आणि आताच्या न्याय संहितेतही आहेत. काउंटर-स्ट्राइकने ही तिन्ही खाती एकत्र करून टाकली.

दंडाची आणखी एक गंमत आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा २००० सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत त्यांनी प्रयोग केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला! आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आल्यावर पालकांना वाटलं, पैसे भरतोय ना, मग झालं. दंड म्हणजे शिक्षा राहिली नाही, तो भाव झाला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही.

हा निष्कर्ष उचलून गेमला जसाच्या तसा चिकटवू नका. पण तो प्रश्न विचारायला मदत करतो. ३,३०० डॉलर ही शिक्षा होती की भाव? ज्याच्या खिशात १६,००० डॉलर जमले आहेत (तिथली कमाल मर्यादा तेवढीच), त्याला ३,३०० चं काय दुःख? आणि ज्याच्याकडे मुळात ८०० आहेत, तो एका अपघाताने उघडा पडतो. रोख दंड श्रीमंताला स्वस्त आणि गरिबाला महाग, हे खेळातही चुकलं नाही.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडण्यासारखा आहे. २००० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईत आणि जिल्ह्याच्या गावांतही सायबर कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइक १.६ लॅनवर चालायचा. तिथे मारणारा आणि मेलेला शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. मुद्दाम मारलं तर सर्व्हरच्या आधी शेजारच्याचा हात पाठीत पडायचा, आणि चुकून मारलं तर 'सॉरी भाई' म्हटलं की विषय संपायचा. तिथे हेतू ओळखायला यंत्र लागत नव्हतं, कारण चेहरा दिसत होता. शिक्षेचा प्रश्न खरा चिघळला तो चेहरा दिसेनासा झाल्यावर. अनोळखी माणसं, वेगवेगळे देश, टोपणनावं. गावातली पंच मंडळी गेली आणि नियमावली आली, अशीच ही गोष्ट आहे.

उत्तर २ : तुरुंग

४ जुलै २००२ रोजी अमेरिकेच्या सैन्याने स्वतःचा एक गेम फुकट वाटायला सुरुवात केली : 'अमेरिकाज आर्मी'. कल्पना कर्नल केसी वॉर्डिन्स्की यांची, बांधणी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत. उद्देश उघड होता, तरुणांना सैन्याकडे ओढायचं. मग त्यात शिस्त हवीच. सहकाऱ्यावर गोळी चालवली तर सन्मानाचे गुण कापले जात आणि सर्व्हरवरून हकालपट्टी होई. प्रशिक्षणात कुणी आपल्याच प्रशिक्षकावर गोळी झाडली, तर तो थेट फोर्ट लेव्हनवर्थच्या कोठडीत. कॅन्सस राज्यातल्या या ठिकाणी अमेरिकन सैन्याचा खरोखरचा तुरुंग आहे.

इथे शिक्षेचं काम बदललं. काउंटर-स्ट्राइकचा दंड खेळ सुरळीत चालावा म्हणून होता. सैन्याची कोठडी काहीतरी शिकवण्यासाठी होती : सैनिक असा असतो, असा नसतो.

पण याच खेळात एक मोठी खुबी होती. दोन्ही संघांना स्वतःची बाजूच अमेरिकन सैन्याची दिसायची आणि समोरची शत्रूची. म्हणजे तुम्ही स्वतःला अमेरिकन सैनिक समजून ज्याला मारता, तोही त्याच्या पडद्यावर अमेरिकन सैनिकच. सहकाऱ्याला मारल्याबद्दल कोठडी दाखवणाऱ्या खेळात 'सहकारी' कोण, हे फक्त पडद्यावरच्या पोशाखाने ठरत होतं. या एका मुद्द्यावर प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहू शकतं.

उत्तर ३ : फिर्यादी हाच न्यायाधीश

यंत्राला हेतू कळत नाही ना? मग ज्याच्यावर बेतली त्यालाच विचारा. २००५ च्या 'बॅटलफील्ड २' मध्ये टीममेटच्या हातून मेलात, की तुमच्यापुढे पर्याय यायचा : शिक्षा करायची की माफ करायचं. शिक्षांचा आकडा वाढला की मारणारा सर्व्हरबाहेर. २००७ च्या 'हेलो ३' मध्येही विश्वासघाताने मेलेल्या खेळाडूला मारणाऱ्याला हाकलण्याचा पर्याय मिळत असे.

कल्पना सुंदर आहे. माफीला नियमात जागा मिळाली, आणि ती देणारा माणूस होता. 'सॉरी' या शब्दाला पुन्हा किंमत आली.

पण अडचण बघा. बॅटलफील्डमध्ये ६४ जण एका मैदानात, त्यात रणगाडे, विमानं, सुरुंग. मी शत्रूसाठी सुरुंग पेरला आणि माझाच टीममेट रागाच्या भरात नीट न बघता त्यावर गेला. मेला तो स्वतःच्या घाईने, पण बटण त्याच्या हातात. नुकताच मेलेला माणूस चिडलेला असतो. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असला, की चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला वेळ लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे बटण हेच हत्यार होऊ शकतं. एखाद्याला हाकलायचं असेल तर मुद्दाम त्याच्या गोळीसमोर जायचं आणि शिक्षेचं बटण दाबायचं.

उत्तर ४ : ज्यूरी

काउंटर-स्ट्राइकची पुढची आवृत्ती, 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह', २०१२ साली आली. त्यात टीममेटला मारण्याचा रोख दंड ३,३०० वरून ३०० वर उतरला. पण त्याच्या जोडीला बंदी आली. स्पर्धात्मक सामन्यात ठरावीक मर्यादेपलीकडे टीममेटना मारलं किंवा इजा केली, की काही काळ खेळताच येत नसे : आधी ३० मिनिटं, मग २ तास, मग २४ तास, मग ७ दिवस. शिक्षा पैशातून वेळेत गेली. वेळ सगळ्यांकडे सारखाच असतो, त्यामुळे श्रीमंत-गरिबाचा भेद इथे लागत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून बघावं. ताळेबंदातला एक आकडा बदलला आहे, पण त्यामागे शिक्षेबद्दलचा सगळा विचार बदललेला दिसतो.

२०१३ मध्ये त्याच खेळात 'ओव्हरवॉच' नावाची व्यवस्था आली. तक्रारी झालेल्या खेळाडूचं रेकॉर्डिंग अनुभवी खेळाडूंना दाखवायचं. नावं झाकलेली, आरोपी फक्त 'संशयित'. त्यांनी बघून ठरवायचं : फसवणूक आहे का, मुद्दाम खेळ नासवलाय का. म्हणजे ज्यूरीच. (शोधताना सांभाळा. २०१६ साली ब्लिझर्ड कंपनीचा याच नावाचा एक वेगळा शूटर गेम आला. नुसतं 'ओव्हरवॉच' म्हणून शोधलंत तर दोन्हींची खिचडी होईल.)

ज्यूरीला हेतू दिसतो का? अंशतः. पळणाऱ्या शत्रूमागे बंदूक फिरवताना मध्ये टीममेट आला, हे रेकॉर्डिंगमध्ये दिसतं. फेरी सुरू होताच शांतपणे वळून डोक्यात गोळी घातली, तेही दिसतं. पण या व्यवस्थेला माणसं लागतात, आणि तीही फुकट राबणारी. निकालही नंतर लागतो. ज्याची फेरी वाया गेली, त्याला ती परत मिळत नाही.

उत्तर ५ : उलटणारी गोळी

'रेनबो सिक्स सीज' हा २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेला खेळ. पाच जणांचा संघ, आणि मेलेला गडी त्या फेरीत परत येत नाही. त्यामुळे टीममेटने मारणं इथे फार झोंबतं. २०१९ मध्ये या खेळात उलटा फ्रेंडली फायर आला. तुम्ही टीममेटना मर्यादेबाहेर इजा केली, की त्यानंतर तुम्ही त्यांच्यावर झाडलेली गोळी तुम्हालाच लागते. हाकलायचं नाही, बंदी नाही, खेळत राहा. फक्त टीममेटवरचं तुमचं हत्यार निकामी.

लॉरेन्स लेसिग या कायद्याच्या अभ्यासकाने १९९९ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं होतं, की संगणकाच्या जगात कोड हाच कायदा असतो. त्याचं याहून चोख उदाहरण मिळणार नाही. दंडाचा कायदा सांगतो, करशील तर भोगशील. कोडचा कायदा सांगतो, तुला करताच येणार नाही.

आता तुमच्यासाठी एक सापळा. सीजच्या चर्चेच्या भरात कुणी लिहून जाईल, की उलट्या गोळीची ही कल्पना इथेच जन्मली. तसं नाही. २००७ च्या 'कॉल ऑफ ड्युटी ४' मध्ये सर्व्हर चालवणाऱ्याला फ्रेंडली फायरचे चार पर्याय होते : बंद, चालू, उलटणारा आणि वाटून घेतलेला. शेवटच्यात इजा दोघांमध्ये विभागली जायची. म्हणजे उलटणारी गोळी निदान बारा वर्षं आधी होती. मग सीजमध्ये नवीन काय? आधी तो सगळ्या सर्व्हरचा निसर्गनियम होता. सीजमध्ये तो विशिष्ट माणसाला, त्याच्या वागण्यावरून लावला गेला. प्रबंधात 'पहिल्यांदा' हा शब्द लिहिण्याआधी दहादा तपासा, आणि लिहायचाच असेल तर नक्की काय पहिल्यांदा झालं ते सांगा.

पळवाट इथेही आहेच. ज्याच्यावर हा नियम लागला, त्याच्या गोळीसमोर मुद्दाम धावत गेलं की मरतो तोच.

उत्तर ६ : हसून सोडून द्या

२०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'हेलडायव्हर्स २' मध्ये चार जण मिळून किड्यांशी आणि यंत्रांशी लढतात. फ्रेंडली फायर कायम चालू. वरून मागवलेला बॉम्ब शत्रूइतक्याच सहजपणे मित्रांवर पडतो. आणि त्याची गंमत वाटणं हा खेळाचाच भाग आहे. मेलेल्याला पुन्हा उतरवण्याची संधी सगळ्या संघाच्या सामायिक साठ्यातून खर्च होते. म्हणजे नुकसान आहे, पण ते सगळ्यांचं. एकट्या गुन्हेगाराच्या नावावर काही पडत नाही. समोर दुसरा माणसांचा संघ नाही, हरलं तर मानहानी नाही, म्हणून हे जमतं. टीममेटने मारणं हा गुन्हा आहे की विनोद, हे शेवटी पणाला काय लागलंय त्यावर ठरतं.

मग शिक्षा व्हावी का?

डच इतिहासकार योहान हायझिंगा याने १९३८ च्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात एक भेद केला होता. फसवणारा खेळाडू आणि खेळ मोडणारा खेळाडू. फसवणारा निदान खेळ मानतो, नियम पाळल्याचं सोंग करतो. खेळ मोडणारा खेळच मानत नाही. म्हणून लोक फसवणाऱ्याला एकवेळ सोडतात, पण मोडणाऱ्याला नाही. मुद्दाम टीममेटला मारणारा हा दुसऱ्या जातीचा आहे. त्याला रोखायला हवं, यात मला शंका नाही. समोरच्या पाच-नऊ जणांनी आपल्या दिवसातला वेळ काढलेला असतो, आणि तो एक जण स्वतःच्या करमणुकीसाठी तो मातीत घालतो. कधी हे निव्वळ टवाळकी म्हणून होतं, तर कधी माइकवर मुलीचा आवाज आला किंवा बोलण्याचा हेल वेगळा वाटला म्हणूनही. तिथे टीमकिल म्हणजे 'तू इथली नाहीस' हे सांगण्याची रीत होते. तिथे 'खेळच तर आहे' म्हणणाऱ्याने स्वतःला त्या जागी ठेवून बघावं.

पण वरची सहा उत्तरं एकत्र ठेवली की एक तत्त्व दिसतं, आणि माझं उत्तर तेच आहे : शिक्षा जितकी जड, पुरावा तितका पक्का हवा. हलकी शिक्षा यंत्राने हेतू न विचारता दिली तरी चालेल. खेळातले पैसे कापले, गोळी उलटवली, फार तर एका फेरीपुरता त्रास. अपघाताने मारणारा ते सोसू शकतो, आणि पुढच्या वेळी ग्रेनेड जपून फेकतो. पण सात दिवसांची बंदी किंवा खातं कायमचं बंद करणं यंत्राच्या मोजणीवर सोडू नये. तिथे माणसाने बघायला हवं आणि आरोपीला बोलायची संधी हवी. ज्याला मारलं त्याला माफ करण्याचा पूर्ण अधिकार असावा, शिक्षा करण्याचा एकट्याचा अधिकार नसावा.

यावर आक्षेप येईल : रोज लाखो सामने होतात, एवढी माणसं आणायची कुठून? आक्षेप खरा आहे. म्हणूनच उलटणारी गोळी मला महत्त्वाची वाटते. ती पीडिताला लगेच वाचवते, आणि जड शिक्षेची घाई राहत नाही. माणसांचा वेळ फक्त मोजक्या, गंभीर खटल्यांसाठी उरतो.

आणि हे फक्त गेमपुरतं नाही. कोडने गुन्हा मोजायचा, कोडनेच शिक्षा द्यायची, आणि दाद मागायला खिडकीच नाही, ही पद्धत खेळांमधून पंचवीस वर्षं वापरून झालेली आहे. एखाद्या ॲपवर गिऱ्हाइकांच्या ताऱ्यांवर ज्याचं काम ठरतं, त्या डिलिव्हरीवाल्या मुलापुढे बॅटलफील्डचंच बटण आहे, फक्त ते दुसऱ्याच्या हातात आहे. या पद्धतीत काय चुकतं, हे खेळांनी आधीच दाखवून दिलंय. तो अनुभव लिहून ठेवायला कुणीतरी हवं.

साधनांबद्दल दोन शब्द

या विषयाची प्राथमिक साधनं दफ्तरखान्यात नाहीत. ती आहेत पॅचच्या नोंदींत, सर्व्हरच्या कॉन्फिग फायलींत, छापील मॅन्युअलमध्ये आणि जुन्या मासिकांच्या परीक्षणांत. त्यातली कॉन्फिग फाइल मला सगळ्यात बोलकी वाटते. जाहिरातीत कंपनी काय म्हणते ते वेगळं. फाइलमध्ये ३,३०० च्या जागी ३०० लिहिलं, तो खरा कायदा. शिवचरित्राचा अभ्यासक जसा बखरीपेक्षा समकालीन पत्रावर जास्त भरवसा ठेवतो, तसंच हे.

पण ही साधनं झपाट्याने नाहीशी होताहेत. 'अमेरिकाज आर्मी'चे अधिकृत सर्व्हर ५ मे २०२२ रोजी बंद झाले. वीस वर्षं चाललेली शिक्षेची एक अख्खी व्यवस्था त्या दिवशी चालायची थांबली. पॅच आला की जुना नियम पुसला जातो आणि जुनी आवृत्ती बहुतेकांच्या संगणकावर उरतही नाही. मोडी कागदाला निदान वाळवी लागायला वर्षं लागतात.

तेव्हा विषय आवडला असेल तर इतकंच करा. कुठलाही एक खेळ घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून आजपर्यंत टीममेटला मारण्याबद्दलचा प्रत्येक नियम तारखेसह एका तक्त्यात लिहा. शेजारच्या रकान्यात लिहा : गुन्हा कुणी ठरवला, हेतू विचारला का, शिक्षा कशाची, दाद कुठे. चार रकाने भरून झाले की 'शिक्षा व्हावी का' हा प्रश्न तुम्हाला तसाच विचारावासा वाटणार नाही. नियम अमुक वर्षीच का बदलला, हे विचाराल. तुमचा संशोधन-प्रश्न तिथे सुरू होतो.